समाजशास्त्रातील पदवी आणि रोजगार : कोल्हापूर परिसरातील पदवीधरांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
कला शाखेत समाजशास्त्र विषय घेऊन पदवी मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे 'पुढे काय?' हा प्रश्न उभा राहतो. या पदवीला जोडलेले असे एकही निश्चित पद नसल्यामुळे विषयच निरुपयोगी आहे, असा समज पालकांत व काही अंशी विद्यार्थ्यांतही आढळतो. प्रस्तुत लेखात या समजाची कारणे, पदवीतून प्रत्यक्षात मिळणारी कौशल्ये, शासकीय, शैक्षणिक, औद्योगिक व सामाजिक क्षेत्रांतील संधी आणि त्यांच्या मर्यादा यांचा कोल्हापूर परिसराच्या संदर्भात ऊहापोह केला आहे. समाजशास्त्राची पदवी ही पात्रता आहे, ती रोजगारात रूपांतरित होण्यासाठी दुसऱ्या एका निश्चित पात्रतेची व केलेल्या कामाच्या लेखी पुराव्याची जोड आवश्यक आहे आणि ही जोड पदवीच्या काळातच देणे शक्य आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : समाजशास्त्र, पदवी, रोजगार, क्षेत्रकार्य, समाजकार्य, स्पर्धा परीक्षा.

प्रस्तावना :
कोल्हापूर शहरातील व जिल्ह्यातील महाविद्यालयांत कला शाखेकडे येणारा विद्यार्थी बहुतांशी ग्रामीण भागातला असतो. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांतून तो येतो. पुष्कळदा त्याच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच व्यक्ती असते. विषय निवडताना समाजशास्त्र हा 'सोपा' विषय म्हणून घेतला जातो आणि पदवी हाती आल्यावर तो 'काही कामाचा नाही' म्हणून दूषणास पात्र ठरतो. ही दोन्ही मते तपासून पाहण्याजोगी आहेत. विषय सोपा नाही आणि निरुपयोगीही नाही, परंतु त्याचा उपयोग आपोआप होत नाही.

पदवीनंतरची दोन-तीन वर्षे ही या विद्यार्थ्यांच्या आयुष्यातील निर्णायक वर्षे असतात. मुलग्यांच्या बाबतीत ती अनेकदा अभ्यासिकेत जातात, मुलींच्या बाबतीत याच काळात विवाहाचा निर्णय होतो. म्हणून रोजगाराचा विचार पदवीनंतर न करता पदवीच्या काळातच होणे आवश्यक आहे.

१. पदवी आणि पद यांतील अंतर :
वाणिज्य शाखेच्या पदवीधराला हिशेबनीस, बी.एड. झालेल्याला शिक्षक, औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकाधारकाला औषध दुकान, अशी पदवी व पद यांची जोडी समाजाच्या मनात ठरलेली असते. समाजशास्त्राच्या पदवीला अशी जोडी नाही. पदवीच्या पातळीवर 'समाजशास्त्रज्ञ' नावाचे पद कोणत्याही जाहिरातीत सापडत नाही. याचे कारण विषयाच्या इतिहासात आहे. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. पुढे १९२४ पासून डॉ. गो. स. घुर्ये यांनी तो नावारूपास आणला. जात, कुटुंब, धर्म, नगर, आदिवासी समाज यांचा शास्त्रीय अभ्यास करणे हे त्यामागील प्रयोजन होते. विशिष्ट नोकरीसाठी मनुष्यबळ घडवणे हा या विषयाचा हेतू कधीच नव्हता.

कोल्हापूरच्या संदर्भात याला आणखी एक पदर आहे. शिक्षण आणि शासकीय नोकरी यांचे नाते या भूमीत सामाजिक न्यायाच्या प्रश्नातून निर्माण झाले. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या सेवेत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली. १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमण्याची पद्धत आणली. त्यामुळे गावचे दप्तर वंशपरंपरेने एका घरात न राहता शिकलेल्या कोणाच्याही हाती जाऊ शकेल, ही शक्यता प्रथमच निर्माण झाली. म्हणून येथील शेतकरी कुटुंबाला आपला मुलगा तलाठी व्हावा असे वाटते, ते केवळ पगाराच्या ओढीने नव्हे. त्यामागे प्रतिष्ठेचा व सत्तेतील वाट्याचा इतिहास आहे.

तथापि तो इतिहास आणि आजचे गणित यांत मोठे अंतर पडले आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार पदांसाठी राज्यभरातून दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका पदामागे दोनशेहून अधिक उमेदवार होते. २०२४ मध्ये या पदाचे नाव 'ग्राम महसूल अधिकारी' असे झाले, परंतु प्रमाणाचे वास्तव नावाने बदलत नाही. या एकाच वाटेवर सर्वांनी उभे राहावे असा सल्ला कोणताही जबाबदार शिक्षक देऊ शकणार नाही.

२. समाजशास्त्राचा विद्यार्थी नेमके काय शिकतो?
रोजगाराच्या दृष्टीने विषयाकडे पाहताना प्रश्नपत्रिकेतील घटकांपेक्षा त्यातून घडणाऱ्या कौशल्यांकडे पाहावे लागते. सामाजिक संशोधन पद्धतीच्या अभ्यासात विद्यार्थी प्रश्नावली व मुलाखत अनुसूची तयार करणे, नमुना निवडणे, निरीक्षण करणे, माहितीचे वर्गीकरण व सारणीकरण करणे आणि अहवाल लिहिणे शिकतो. ग्रामीण समाज, कुटुंब, लिंगभाव, जातिव्यवस्था, सामाजिक समस्या या घटकांतून त्याला माणसांच्या परस्परसंबंधांकडे पाहण्याची दृष्टी मिळते.

ही कौशल्ये कागदावर सामान्य वाटतात. त्यांचे मोल प्रत्यक्ष कामात दिसते. उदाहरणादाखल पुराचा विचार करू. कोल्हापूर जिल्ह्याने २००५, २०१९ व २०२१ असे मोठे महापूर पाहिले. शिरोळ, करवीर, हातकणंगले तालुक्यांतील गावे पंचगंगा व कृष्णेच्या पाण्याखाली गेली. पूर ओसरल्यावर पहिले काम असते ते बाधित कुटुंबांची यादी करण्याचे. येथे 'कुटुंब' कोणाला म्हणायचे हा प्रश्न उभा राहतो. एका वाड्यात तीन भाऊ राहतात, शिधापत्रिका एक आहे, पण चुली तीन आहेत. तर नोंद एक करायची की तीन? भाडेकरू कुटुंबाचे घर पडले नाही, पण संसार वाहून गेला, त्याची नोंद कोठे होणार? घर सासऱ्यांच्या नावावर असलेल्या विधवा सुनेचे काय? जनगणनेत एकत्र राहणाऱ्या व सामाईक स्वयंपाकघरात जेवणाऱ्या व्यक्तींना एक कुटुंब मानले जाते. म्हणजे तेथे चूल हा निकष धरला जातो. निकष बदलला की यादी बदलते आणि यादी बदलली की मदत कोणाला मिळते हेही बदलते.

समाजशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याने 'कुटुंब' आणि 'गृहघटक' यांतील फरक दुसऱ्याच वर्षी वाचलेला असतो. प्रश्न कोणाला विचारावा, घरातील पुरुषासमोर स्त्री मोकळेपणाने बोलेल काय, वस्तीच्या कडेला असलेले घर यादीतून का सुटते, याची त्याला जाण असते. सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेला हेच कौशल्य हवे असते. अडचण अशी की, बहुसंख्य विद्यार्थ्यांनी हे केवळ परीक्षेच्या उत्तरात लिहिलेले असते, प्रत्यक्ष केलेले नसते. ज्याने केले आहे त्याच्याजवळही ते दाखवण्यासाठी लेखी पुरावा नसतो.

३. शासकीय सेवेतील संधी :
शासकीय सेवेतील संधींचे तीन गट करता येतात.

(अ) कोणत्याही शाखेची पदवी चालणारी पदे : महसूल, पोलीस उपनिरीक्षक, विक्रीकर, बँका, कर्मचारी निवड आयोग इत्यादींच्या परीक्षा या गटात येतात. येथे समाजशास्त्राच्या पदवीधराला इतरांपेक्षा अधिक लाभ नाही, तसेच तोटाही नाही. गणित, बुद्धिमापन व इंग्रजी या घटकांत मात्र कला शाखेचा विद्यार्थी मागे पडतो. त्याची तयारी पहिल्या वर्षापासून करावी लागते.

(आ) समाजशास्त्राचा उल्लेख असणारी पदे : या गटाकडे विद्यार्थ्यांचे सर्वांत कमी लक्ष जाते. एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. या योजनेतील अंगणवाडी पर्यवेक्षिका या पदासाठी २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत समाजशास्त्र, गृहविज्ञान, शिक्षण, बालविकास, पोषण या विषयांतील पदवीचा निर्देश होता. हे पद महिलांसाठी आहे. 'मिशन वात्सल्य'अंतर्गत जिल्हा बाल संरक्षण कक्षातील सामाजिक कार्यकर्ता या पदासाठीही समाजकार्य, समाजशास्त्र वा सामाजिक शास्त्रांतील पदवीला प्राधान्य आहे. ही पदे कंत्राटी असतात हे ध्यानात ठेवावे. पण बाल न्याय अधिनियम २०१५ च्या चौकटीत मिळणारा अनुभव पुढील वाटचालीस उपयुक्त ठरतो. भरतीची जाहिरात वाचताना विद्यार्थी पदसंख्या, वेतन व अंतिम तारीख पाहतो, शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद मात्र घाईने वाचतो. त्या परिच्छेदातील 'किंवा', 'आणि', 'प्राधान्य' या तीन शब्दांवर पात्रता अवलंबून असते.

(इ) समाजशास्त्राचा अभ्यास उपयोगी पडणाऱ्या परीक्षा : संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो. त्याच्या दोन प्रश्नपत्रिका प्रत्येकी २५० गुणांच्या असतात. लेखी परीक्षेच्या एकूण १७५० गुणांपैकी ५०० गुण या विषयाचे होतात. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेतही भारतीय समाज हा घटक आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक पद्धतीची करून वैकल्पिक विषयाची तरतूद केली आणि त्यात समाजशास्त्राचा समावेश आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटातील उमेदवारांना स्पर्धा परीक्षांसाठी प्रशिक्षण देतात. सारथीचे उपकेंद्र कोल्हापुरातच आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. राज्य सेवेत प्रवेशासाठी सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या प्रवर्गास ३८ व मागास प्रवर्गास ४३ वर्षे आहे. ही मर्यादा उमेदवाराच्या सोयीसाठी आहे, परंतु तीच अनेकांसाठी सापळा ठरते. 'अजून वय आहे' असे म्हणत एकेक वर्ष निघून जाते आणि तिशीत आलेल्या उमेदवाराजवळ पदवीखेरीज ना अनुभव असतो ना दुसरी अर्हता. स्पर्धा परीक्षा जरूर द्यावी, परंतु किती वेळा व किती वर्षे द्यावयाची हे पहिल्या प्रयत्नापूर्वीच घरच्यांशी बोलून ठरवावे. तयारीच्या काळातच पदव्युत्तर शिक्षण अथवा अर्धवेळ काम चालू ठेवावे.

४. समाजशास्त्र आणि समाजकार्य :
या दोन विषयांच्या नावांतील साम्यामुळे मोठा गोंधळ होतो. समाजशास्त्र हे समाजाचा अभ्यास करणारे शास्त्र आहे. समाजकार्य हा प्रशिक्षित व्यवसाय आहे. त्यात व्यक्ती, गट व समुदाय यांच्यासोबत काम करण्याच्या पद्धती आणि देखरेखीखालील क्षेत्रकार्य यांना मध्यवर्ती स्थान असते. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवक, कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशक, कारखान्यातील कल्याण अधिकारी यांसारख्या पदांसाठी सामान्यतः समाजकार्याची व्यावसायिक अर्हता मागितली जाते. तेथे केवळ समाजशास्त्राची पदवी पुरत नाही.

समाजशास्त्राचा पदवीधर समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश घेऊ शकतो आणि त्याच्या पदवीचा पाया तेथे उपयोगी पडतो. कोल्हापुरात छत्रपती शाहू इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस एज्युकेशन अँड रिसर्च म्हणजेच सायबर या संस्थेत एम.एस.डब्ल्यू. अभ्यासक्रम आहे. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे मुंबई व तुळजापूर येथे परिसर आहेत. तेथील पदव्युत्तर प्रवेश २०२४ पासून राष्ट्रीय स्तरावरील सामाईक परीक्षेद्वारे होऊ लागले. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला या परीक्षेची भीती वाटते, पण एक वर्ष आधी तयारी केल्यास ती आवाक्यात येते.

५. अध्यापन क्षेत्र :
समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याचे पहिले स्वप्न बहुधा प्राध्यापक होण्याचे असते, कारण त्याने या विषयाचा पाहिलेला एकमेव व्यावसायिक म्हणजे त्याचा शिक्षक. या क्षेत्राची स्थिती स्पष्टपणे सांगणे हे शिक्षकांचे कर्तव्य आहे.

माध्यमिक शाळेत समाजशास्त्र हा स्वतंत्र विषय नाही. तेथे इतिहास, राज्यशास्त्र व भूगोल शिकवले जातात. त्यामुळे बी.एड. करू इच्छिणाऱ्याने पदवीला आपले दुय्यम विषय कोणते आहेत आणि त्यांवर आधारित अध्यापन पद्धती मिळेल काय, हे प्रवेशापूर्वीच पाहावे. कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे. तेथे पदव्युत्तर पदवी व बी.एड. दोन्ही लागतात. वरिष्ठ महाविद्यालयासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गास ५० टक्के) आणि नेट किंवा सेट अथवा नियमानुसार पीएच.डी. आवश्यक आहे. एम.फिल. हा अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने बंद झाला, त्यामुळे ती वाट नव्या विद्यार्थ्यांसाठी उरलेली नाही.

पात्रता मिळाल्यावरही पूर्णवेळ पद मिळेलच असे नाही. अनेक पात्रताधारक तासिका तत्त्वावर काम करतात. त्यांना वर्षभर नियमित वेतन नसते व पुढील वर्षाची हमीही नसते. ज्यांना अध्यापनाची खरी ओढ आहे त्यांनी हे जाणूनच या मार्गावर यावे आणि सोबत संशोधन प्रकल्प, अनुवाद, पाठ्यलेखन यांसारखे पूरक काम शिकून घ्यावे.

६. उद्योग, सहकार व सामाजिक संस्था :
कोल्हापूर परिसराचे वैशिष्ट्य असे की येथे शेती, सहकार व उद्योग जवळजवळ नांदतात. शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहती, फौंड्री उद्योग, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीचा चांदीकाम व्यवसाय, साखर कारखाने, गोकुळ व वारणा हे दूध संघ यांमुळे हजारो कुटुंबे रोजंदारी, पगार व सभासदत्व यांच्या नात्याने बांधली गेली आहेत. या सर्व ठिकाणी माणसांशी संबंधित काम असते. परप्रांतीय कामगारांची राहणी, ऊसतोडणी मजुरांच्या मुलांचे शिक्षण, दूध उत्पादक सभासदांचे प्रशिक्षण ही त्याची काही उदाहरणे.

कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४९ नुसार ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक होते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० मध्ये ही मर्यादा २५० वर आणली गेली आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. अधिक कारखाने या कक्षेत आल्यामुळे समाजकार्य अथवा श्रमकल्याणाची अर्हता मिळवणाऱ्यांना या क्षेत्राकडे लक्ष देण्यासारखे आहे. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आर्थिक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करावी लागते. हा खर्च कोठे करावा व त्याचा परिणाम काय झाला, हे सांगण्यासाठी गावपातळीवरील पाहणी व अहवाल लागतात.

भूसंपादनाच्या क्षेत्रातही कायद्याने समाजशास्त्रीय कामास स्थान दिले आहे. २०१३ च्या भूसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत कायद्यात सामाजिक परिणाम मूल्यमापनाची तरतूद आहे आणि त्या अहवालाची छाननी करणाऱ्या तज्ज्ञ गटात दोन अशासकीय सामाजिक शास्त्रज्ञ असावेत असे म्हटले आहे. कोयना, चांदोली, काळम्मावाडी या धरणांच्या विस्थापितांचे प्रश्न पाहिलेल्या या प्रदेशात अशा मूल्यमापनाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. पदवीधर हा तज्ज्ञ गटात बसणार नाही, परंतु घरोघरची माहिती गोळा करणाऱ्या पथकात तो बसू शकतो.

महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि 'उमेद' अर्थात महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांच्या कामाचा कणा बचत गट हा आहे. गट बांधणी, प्रशिक्षण व हिशेब यांसाठी तालुका व गाव पातळीवर माणसे लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीसारख्या मोठ्या सर्वेक्षणांत, ज्यांचे समन्वयन मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते, ठरावीक मुदतीसाठी क्षेत्र अन्वेषक नेमले जातात. स्त्रियांच्या मुलाखतींसाठी स्त्री अन्वेषकांची गरज असते. हे काम तात्पुरते असले तरी अनुभव म्हणून मोलाचे असते.

सूक्ष्म वित्त कंपन्यांतही क्षेत्र अधिकारी म्हणून पदवीधरांना लवकर काम मिळते. परंतु त्यातील मोठा भाग वसुलीचा असतो. ज्या स्त्रियांच्या कर्जबाजारीपणाचा आपण वर्गात अभ्यास केला त्यांच्याच दारात हप्त्यासाठी उभे राहावे लागते. पगारासोबत कामाचे स्वरूपही विचारून घ्यावे.

७. विधी व पत्रकारिता :
पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम हा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाभाविक मार्ग आहे. कुटुंब, मालमत्ता, जात, गुन्हा या विषयांची सामाजिक बाजू त्याला ठाऊक असते. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. वकिली, कायदेविषयक साहाय्य, मसुदालेखन व अनुवाद यांची गरज त्यामुळे शहरात वाढणे स्वाभाविक आहे. वृत्तपत्रांच्या दृष्टीनेही कोल्हापूर हे महत्त्वाचे केंद्र आहे. गावोगावची माहिती, नेमके प्रश्न विचारण्याची सवय व शुद्ध मराठी या तीन गोष्टी ज्याच्याजवळ आहेत त्याला पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाची जोड उपयुक्त ठरते.

८. विद्यार्थिनींचा प्रश्न :
समाजशास्त्राच्या वर्गात मुलींची उपस्थिती लक्षणीय असते. त्यांच्यासाठी रोजगाराचा प्रश्न पदांच्या संख्येपुरता मर्यादित नाही. गावापासूनचे अंतर, एस.टी.ची वेळ, राहण्याची सुरक्षित सोय आणि 'नोकरी की लग्न' हा घरातील प्रश्न यांवर तो अवलंबून असतो. पदवीच्या निकालानंतर एक वर्ष रिकामे गेले की निर्णय तिच्या हातून निसटतो, परंतु तिने कोठे प्रवेश घेतला असेल अथवा अल्प वेतनाचे का होईना काम धरले असेल तर घरातील बोलण्याला निराळे वळण लागते. वर उल्लेखिलेली अंगणवाडी पर्यवेक्षिका, बचत गट, समुपदेशन, सर्वेक्षण ही कामे स्त्रियांना प्राधान्य देणारी आहेत.

शासनाच्या सवलतींची माहितीही कुटुंबांपर्यंत पोहोचत नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश मिळणाऱ्या मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत आहे. 'पुढच्या शिक्षणाला पैसे नाहीत' हे कारण सांगितले जाते तेव्हा शिक्षकांनी हा निर्णय पालकांसमोर ठेवणे आवश्यक आहे.

९. पदवीच्या काळातील नियोजन :
वरील विवेचनावरून विद्यार्थ्यांसाठी पुढील गोष्टी सुचवता येतात.

१) दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस एक मुख्य व एक पर्यायी मार्ग निश्चित करावा. पाच ठिकाणची पाच प्रमाणपत्रे गोळा केल्याने 'एक ना धड भाराभर चिंध्या' अशी अवस्था होते. एम.एस.डब्ल्यू., विधी, बी.एड., पत्रकारिता, एम.ए. यांपैकी एकच पण पूर्ण करावयाची जोड निवडावी.

२) किमान एक क्षेत्र अहवाल स्वतः तयार करावा. आपल्याच गावातील पन्नास कुटुंबांची पाहणी पुरेशी आहे. विषय साधा असावा : पाणीपुरवठा, शाळागळती, स्थलांतर, बचत गट. अहवाल वीस पानांचा, टंकलिखित, सारण्यांसह असावा. मुलाखतीस जाताना तो सोबत न्यावा. 'मला सर्वेक्षण येते' या वाक्यापेक्षा हा अहवाल अधिक बोलतो.

३) संगणकावर मराठी व इंग्रजी टंकलेखन आणि एक्सेलमध्ये माहिती भरून तिची सारणी करणे शिकावे. आज पाहणीची माहिती बहुधा भ्रमणध्वनीवरील अर्जात भरली जाते, त्याचाही सराव असावा.

४) इंग्रजीत एक पानाचा अहवाल वाचता व लिहिता यावा. अस्खलित संभाषण नंतर येते, परंतु वाचन-लेखनाशिवाय सामाजिक संस्थांतील वरच्या कामांचे दार उघडत नाही.

५) जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडे नोंदणी करावी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधरांसाठी दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले होते. अशा योजना म्हणजे नोकरी नव्हे, ते मुदतीचे प्रशिक्षण आहे. त्या काळात अनुभवाचे प्रमाणपत्र मिळवणे व पुढील अर्ज करत राहणे हे दोन्ही करावे.

१०. महाविद्यालयांची जबाबदारी :
सर्व भार विद्यार्थ्यावर टाकणे न्याय्य होणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग व प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांचा समावेश झाला आहे. समाजशास्त्राच्या विभागांना ही मोठी संधी आहे. परंतु मागील वर्षाचा प्रकल्प उतरवून देणे आणि शिक्का मारलेले प्रमाणपत्र आणणे एवढ्यावर ते काम थांबले, तर नव्या रचनेचा लाभ विद्यार्थ्याला मिळणार नाही. विभागांनी जिल्ह्यातील ग्रामपंचायती, रुग्णालये, दूध संघ, कारखाने व सामाजिक संस्था यांच्याशी लेखी करार करून विद्यार्थ्यांना खरे काम मिळवून द्यावे. तसेच प्रत्येक विभागाने आपल्या माजी विद्यार्थ्यांची सद्यःस्थिती दर्शवणारी नोंदवही ठेवावी. आपला विद्यार्थी पाच वर्षांनी कोठे आहे हे समाजशास्त्राच्या विभागाला ठाऊक नसेल, तर आपण शिकवत असलेली संशोधन पद्धती आपणच वापरत नाही असे म्हणावे लागेल.

समारोप :
समाजशास्त्राची पदवी कोणतेही पद हातात देत नाही. ती गाव, घर, जात, स्त्री-पुरुष संबंध व दारिद्र्य यांकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याची व ते नोंदवण्याची क्षमता देते. ही क्षमता पुनर्वसन, बालसंरक्षण, आरोग्य, सहकार, उद्योग, न्याय अशा अनेक ठिकाणी लागते, मात्र तेथे ती दुसऱ्या एका अर्हतेसह व कामाच्या पुराव्यासह मागितली जाते. म्हणून 'हा विषय घेऊन काय मिळणार?' असे विचारणाऱ्या पालकाला 'काहीच नाही' हेही उत्तर चुकीचे आहे आणि 'सर्व काही' हेही. विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षीच आपली जोड निवडली, एक पाहणी स्वतः पूर्ण केली आणि स्पर्धा परीक्षेला काळाची मर्यादा घातली, तर पदवीनंतरची वर्षे वाया जाणार नाहीत. महाविद्यालयांनी याच दिशेने त्याला साहाय्य केले, तर वसतिगृहे उभारून बहुजनांना शिक्षणाच्या व नोकरीच्या वाटेवर आणणाऱ्या या नगरीच्या परंपरेला ते धरून होईल.